गडदे मॅडमचं पान

दरवर्षी जूनमध्ये कॉलेज उघडलं की पहिल्याच आठवड्यात गडदे मॅडम माझ्या केबिनच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. आत यायच्या नाहीत. एक हात चौकटीला, खांद्याला पट्टा उसवलेली काळी पर्स, आणि एकच प्रश्न.

"सर, यंदा माझं पान मांडलंय का?"

"मांडलंय की, मॅडम. या ना आत."

"वाढणार कधी?"

यावर मी हसायचो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण हसलं की पुढचं बोलावं लागत नाही. त्या माझ्या बुटांकडे बघायच्या आणि वेळापत्रक घेऊन निघून जायच्या.

धाराशिव गावाबाहेर माळावर आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, खासगी. मी तिथं कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख आहे. विजया गडदे माझ्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायच्या. म्हणजे वर्गात उभं राहिलं त्या तासाचा पगार. दिवाळीला सुट्टी, पगाराला सुट्टी. उन्हाळा लागला की नातं संपलं, जूनमध्ये पुन्हा नव्यानं अर्ज. पान म्हणजे कायम जागा. मॅडमना आयुष्यात कॉलेजकडून एवढं एकच हवं होतं, हे मला ठाऊक होतं, प्राचार्यांना ठाऊक होतं, चहा देणाऱ्या शिवामामांनाही ठाऊक होतं. जागेची मागणी वर पाठवायचं काम माझं होतं. त्यामुळं त्या प्रश्न विचारायच्या तो योग्य माणसालाच विचारायच्या.

मॅडमचं गाव भूमहून परंड्याला जाताना लागतं. घर मेंढरांचं. वडील, ज्यांना त्या आप्पा म्हणायच्या, निम्मं वर्ष माळावर असायचे. त्या घरातून एम.टेक. झालेली बाई म्हणजे लोकांनी कौतुक करायचं, आणि कौतुक त्यांना सोसायचं नाही. एका सत्कारात कुणीतरी म्हणालं, "मेंढरांमागून उठून या इथवर आल्या." मॅडम उत्तराला उठल्या आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "मेंढरं पुढे असतात. आपण मागे चालतो. इथेही तसेच आहे." पुढच्या रांगेतल्या संचालकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना अर्थ लागला नसावा.

त्यांच्याकडे दोन मराठी होत्या. कार्यालयात बोलायची इस्त्रीची, आणि वर्गात बोलायची घरची. आमच्याकडं लोहारा, भूम, परंडा इथून येणारी पोरं इंग्रजी पुस्तक उघडलं की मान खाली घालतात. मॅडम वर्गात गेल्या की पहिलं वाक्य म्हणायच्या, "हे लई अवघड न्हाय. अवघड भाषेत लिवलंय, एवढंच." आणि वर्ग सैल व्हायचा.

स्टाफरूममध्ये त्या कधी बसल्या नाहीत. डबा खिडकीला टेकून, उभ्यानं खायच्या. खुर्च्या रिकाम्या असायच्या. मी एकदा म्हणालो, "मॅडम, बसा ना, ही रिकामीच आहे."

"कुणाची हाय?"

"कुणाची म्हणजे? कॉलेजची."

"मग न्हाय. कॉलेजनं उठ म्हणलं तर भाकरी हातात घेऊन उठावं लागंल. उभ्या माणसाला कुणी उठवत न्हाय, सर."

आणखी एक सवय होती. कुणी लांबण लावून बोलायला लागलं की त्या त्याच्या डोळ्यांकडे न बघता पायांकडे बघायच्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "आप्पांची शिकवण. बोलणारा मनातनं निघाला असंल तर पाय आधी वळत्यात. तोंड मागनं येतं." तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मी पाय टेबलाखाली घ्यायला लागलो.

शेवटच्या वर्षाला त्या डीप लर्निंग घ्यायच्या, म्हणजे मशीनला उदाहरणांवरून शिकवायचा विषय. त्यात एक साधी गोष्ट असते, पण पोरं ती नुसती पाठ करतात. मशीनला आकडे ओळींनी द्यावे लागतात, ओळीवर ओळ रचून. त्या रचलेल्या ठोकळ्याला टेन्सर म्हणतात. अडचण अशी की सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या लागतात. खरी माहिती तशी नसते. कुणाची ओळ लांब, कुणाची आखूड. मग आखूड ओळींच्या शेवटी शून्यं जोडून त्या लांब करायच्या. हे पॅडिंग. प्रोग्रॅमच्या तयार लायब्ररीत त्यासाठी एक आज्ञा असते, ती लिहिली की झालं. इतकं सगळेच शिकवतात. मीही तेवढंच शिकवत होतो.

मॅडमनी एक दिवस बाकं भिंतीला लावली आणि वर्ग जमिनीवर पंगतीत बसवला. एका पंगतीत गच्च पोरं, एकीत मोजकी, एकीत दोघंच. सगळ्यांपुढं वर्तमानपत्राची पानं मांडली. जिथं पोरं संपली तिथंही पंगतीच्या टोकापर्यंत पानं मांडली, म्हणजे तिन्ही पंगती सारख्या लांब दिसायला लागल्या. मग गजानन नावाच्या लोहाऱ्याहून येणाऱ्या पोराचे डोळे रुमालानं बांधले आणि त्याच्या हातात खडूच्या तुकड्यांची वाटी दिली. प्रत्येक पंगतीला एक वाटी, सगळ्या पानांवर सारखं वाढायचं.

गजानननं चाचपडत वाढलं. दोघांच्या पंगतीत बहुतेक खडू रिकाम्या पानांवर गेले. त्या दोघांच्या पुढ्यात थोडेसेच पडले.

"आता बघा," मॅडम म्हणाल्या. "पानं भरली, माणसं उपाशी. गजाननाची चूक हाय का?"

"न्हाय मॅडम, त्याला दिसतच न्हाय."

"मशीन बी आंधळा वाढपी हाय. त्याला पान दिसतं, माणूस दिसत न्हाय. शून्य हा बी त्याला आकडाच. म्हणून वाढप्याच्या मागं एक माणूस लागतो, कानात सांगायला: हितं कुणी न्हाय, पुढं चल. त्याला मास्क म्हणायचं. पानं मांडणारे लई भेटतील. कानात सांगणारा ठेवला का, ते बघायचं."

मेकॅनिकलचे एक सर दारातून हे बघत होते. म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटर शिकवताय का लग्नाची पंगत बसवताय?"

"दोन्हीकडं सारखंच हाय सर. वाढपी ओळखीचा लागतो."

पोरं हसली. मी व्हरांड्यात होतो. मी तिथून आल्या पावली केबिनला परत गेलो.

त्याच तासाला एका मुलीनं विचारलं होतं, ते मला गजानननं नंतर सांगितलं. तिनं विचारलं, "मॅडम, आमच्यात पितरांना पान वाढतात. तिथं पण कुणी बसलेलं नसतं. त्याला मास्क लावायचा का?" मॅडमनी हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "न्हाय. ते पान मोजायचं. तिथं बसणारा होता, तो गेलाय. कुणी नसणं आणि कुणी गेलेलं असणं, ह्यात फरक हाय. पण तो मशीनला आपण सांगायचा असतो. त्याला आपलं आपण कळत न्हाय."

त्या वर्षी पोरांनी प्रकल्प घेतला. बाजारभाव सांगणाऱ्या फोनसेवेवर शेतकऱ्यानं नुसतं "व्हय" किंवा "न्हाय" म्हणायचं आणि मशीननं ते ओळखायचं. शहरी आवाजांवर शिकवलेल्या मॉडेलला "हो" आणि "नाही" कळत होतं, आमचं "व्हय" कळत नव्हतं. पोरं सुट्टीत गावोगाव गेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज फोनवर भरून आणले. मॉडेल बांधलं. ते चालेना. चेहरे पाडून सगळी माझ्या केबिनमध्ये आली, मॅडम पाठीमागं.

"सर, मशीन सगळ्यांनाच 'न्हाय' म्हणतंय."

"सगळ्यांना?" मॅडम म्हणाल्या. "मग त्याला मॅनेजमेंटमधी घ्या."

दोष शोधायला वेळ लागला नाही. सगळे आवाज सारख्या लांबीचे करताना सर्वांत लांब आवाजाचं माप धरलं होतं, आणि बाकीच्यांना तेवढी शून्यं जोडली होती. एक आवाज अतोनात लांब होता. त्यामुळं दुसऱ्या कुणाचं क्षणभराचं "व्हय" आणि त्यामागं मैलभर शून्यं. मॉडेल पूर्ण लांबीची सरासरी घेत होतं. त्या सरासरीत व्हय काय आणि न्हाय काय, दोन्ही सारखीच विरघळून जात होती, म्हणून उत्तरही एकच येत होतं.

"कुणाचा आहे हा लांब आवाज?" मी विचारलं.

पोरं मॅडमकडे बघायला लागली. तो आप्पांचा होता.

मी तो लावायला सांगितला. आधी गजाननचा आवाज: "आप्पा, ह्याच्याकडं तोंड करून फक्त 'व्हय' म्हणा." मग वारा. मग मेंढराच्या गळ्यातली घंटी. मग म्हातारा आवाज, घाई नसलेला.

"व्हय म्हणू व्हय? पर कशाला म्हणू?"

"कशाला न्हाय आप्पा, नुसतं म्हणायचं."

"नुसतं व्हय कसं म्हणावं, लेकरा? मागं एकडाव असंच झालं. गावात बैठक हुती. म्या मागं बसलो हुतो, तमाखू मळत. साहेबानं इचारलं, कबूल हाय का? सगळी गप. माज्याकडं बघून म्हणला, बाबा, तुमी तरी बोला. मोठा माणूस इचारतोय, म्या म्हणलं व्हय. दुसऱ्या दिशी कळलं, माळावर चराईबंदी केलीया, अन् पयली संमती कुणाची, तर माजी. समदी धनगरं माज्या दारात. बायको म्हणली, काय म्हणून व्हय म्हणलासा? आता काय सांगावं तिला? तवापासनं म्या कशाला व्हय म्हणतोय ते कळल्याबिगर म्हणत न्हाय. तू सांग की, कशाला पायजे तुला माजं व्हय?"

अजून बरंच होतं. शेवटपर्यंत आप्पांनी तो शब्द हवा तसा दिलाच नाही.

मी हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग विभागप्रमुखाला शोभेल असा उपाय सांगितला. "हा एवढा काढून टाका. एकामुळं सगळ्यांना शून्यं लागतायत. आकार लहान होईल, मॉडेल चालेल."

मॅडमचा चेहरा बदलला नाही. आवाज मात्र कार्यालयातला झाला. "सर, लांब बोलला म्हणून माणूस काढायचा नसतो. इतरांना शून्ये लावावीत, आणि कोण कुठे संपला ते मशीनला सांगावे. आपण मास्क लावायला विसरलो, ही आपली चूक आहे. त्यांची नाही."

तसं केलं, आणि मॉडेल सुधारलं. पोरं गेल्यावर त्या थांबल्या, आप्पांचा आवाज पुन्हा लावला, आणि त्यांच्या दोन वाक्यांमधल्या थांबण्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ऐका. आप्पा हितं गप हायत. पण वारा हाय. आपण जोडलेल्या शून्यात वारा नसतो, सर. गप बसलेलं माणूस आणि नसलेलं माणूस, कानाला कळतं."

मला कळलं असं मी म्हणालो.

त्यानंतर तपासणी आली. कॉलेजांना मान्यता देणारी समिती ठरावीक काळानं येते आणि प्रत्येक विभागात पुरेसे पूर्णवेळ शिक्षक आहेत का ते बघते. आमच्याकडं नव्हते. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "गडदे मॅडमना पूर्णवेळ दाखवा. समिती गेली की पूर्ववत." मी विचारलं नाही की मग त्यांना खरंच का घेत नाही. हा प्रश्न मला सुचला होता. तो मी तोंडातच ठेवला, कारण त्याच तपासणीवर माझं विभागप्रमुखपद अवलंबून होतं.

मॅडमना मी सांगितलं. त्यांनी ऐकलं. म्हणाल्या, "म्हंजे पंगत आखूड पडली."

"मॅडम, पुढं उपयोग होईल. समितीपुढं नाव आलं की..."

"कळलं सर. शून्य व्हायचंय. होते की."

शिवामामांनी एका केबिनला पितळी पाटी ठोकली, त्यांचं नाव आणि हुद्दा कोरलेली. मॅडम त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कॉलेजच्या खुर्चीत बसल्या. नवी हिरवी साडी होती. समितीतले एक वयस्क गृहस्थ आत आले, त्यांनी मॅडमशी विषयावर बोलणं काढलं, आणि ते इतके रंगले की बाकीचे सदस्य त्यांची वाट बघत थांबले. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "या बाई पूर्णवेळ आहेत?"

दार उघडं होतं. मॅडम आतून माझ्याकडं बघत होत्या. पायांकडं नाही, डोळ्यांकडं.

"होय," मी म्हणालो.

ते म्हणाले, "नशीबवान आहात."

संध्याकाळी समितीच्या गाड्या फाटकाबाहेर पडल्या आणि शिवामामा पक्कड घेऊन आले. पाटी काढताना त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. मॅडमनी पाटी खालून धरली. म्हणाल्या, "सावकाश, मामा. खिळं वाकवू नका. परत लागत्यात." पाटी निघाल्यावर पदरानं पुसून त्यांच्या हातात दिली.

ती पाटी आणखीही तपासण्यांना लागली आणि निघाली. दर वेळी मी "होय" म्हणालो. दर जूनला त्यांनी पानाचं विचारलं.

शेवटी एकदा खरी जागा निघाली. जाहिरात आली, मुलाखती झाल्या, निवड समितीत मी होतो. मॅडमची मुलाखत सगळ्यांत चांगली झाली हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. जागा संचालकांच्या साडूच्या मुलाला मिळाली. तो पोरगा वाईट नाही. नंतर कित्येक महिने तो मॅडमकडूनच विषय समजून घेत होता, आणि त्या त्याला समजावून देत होत्या. निवडीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्यांखाली माझीही सही होती. कुणी माझा हात धरला नव्हता. मी नाही म्हणालो असतो तरी निकाल बदलला नसता, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. हे खरंही असेल. पण मी नाही म्हणालो नाही, हेही खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्या दिवशी मात्र केबिनच्या आत आल्या.

"सर, माझं काय झालं?"

त्यांना सगळं कळलेलं होतं. गावभर कळलं होतं. त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. आणि मी बोलायला लागलो. म्हणालो, मॅडम, तुमच्या योग्यतेबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. म्हणालो, संस्थेच्या काही अडचणी असतात, त्या आपल्याला बाहेरून कळत नाहीत. म्हणालो, तुमचं वय गेलेलं नाही, पुढच्या वर्षी दुसरी जागा निघण्याची दाट शक्यता आहे, मी स्वतः वर बोललो आहे, प्राचार्यांचं तुमच्याबद्दल फार चांगलं मत आहे. म्हणालो, तुम्ही मला धाकट्या बहिणीसारख्या आहात. बोलताना मला माझाच आवाज चांगला वाटत होता, मायेचा, समजूतदार. त्या उभ्या होत्या आणि टेबलाखाली माझे पाय शोधत होत्या.

मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही लई शून्यं लावता."

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागलो.

"ह्या सगळ्यात शब्द एकच हाय. बाकीचं मागं जोडलेलं हाय. तेवढा एक शब्द द्या मला. तुमच्या तोंडचा. मग मी जाते."

तो शब्द "नाही" होता. कुणालाही उच्चारता येईल असा. मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, आणि म्हणालो, "मॅडम, एवढ्यात निराश होऊ नका."

त्यांनी मान हलवली, जणू तास संपल्याची घंटा ऐकू आली. "पोचलं," म्हणाल्या. आभार मानायच्या ऐवजी त्या नेहमी तोच शब्द वापरायच्या.

तरी त्या ते वर्ष पुरं करून गेल्या. पोरांचे प्रकल्प अर्धवट सोडले नाहीत. जूनमध्ये दारात कुणी आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली. लाज पुष्कळ वाटते मला, पण वाटण्यापलीकडं ती कधी गेली नाही. पुढं कानावर आलं की आप्पा वारले. मी भेटायला जायचं ठरवलं आणि गेलो नाही.

गेलो ते तपासणीच्या कामाला.

समिती पुन्हा येणार होती. माणसं पुन्हा कमी होती. प्राचार्य म्हणाले, "गडदे बाईंना दोन दिवसांसाठी बोलवा. तुमचं ऐकतील." परंड्यात किल्ल्याच्या बाजूला त्यांच्या भावाचं बियाण्याचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत त्या बसत होत्या. कॉम्प्युटर, कानाला मोठे हेडफोन, आणि पडद्यावर आवाजाच्या लाटा. कुठल्यातरी दूरच्या कंपनीचं काम होतं. हजारो माणसांचे आवाज यायचे, आणि प्रत्येकात बोलणं कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं तिथं खूण करायची, तुकड्यावर मजुरी.

त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. स्वतःही बसलेल्या होत्या.

"चांगलं काम आहे," मी म्हणालो.

"व्हय. माणूस कुठं संपला तेवढं बघायचं. सवय हाय मला."

भावजयीनं चहा आणला. मी आप्पांबद्दल बोललो, उशीर झाल्याबद्दल बोललो, कॉलेजातल्या नव्या लॅबबद्दल बोललो. त्यांनी एका कानावरचा हेडफोन बाजूला सरकवून ऐकून घेतलं. मग मी दोन दिवसांचं सांगितलं. ठरावीक तेच. नाव, केबिन, पाटी. समितीपुढं विचारलं तर फक्त होय म्हणायचं.

त्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

"कशाला व्हय म्हणायचं, सर?"

आवाज त्यांचा होता, पण बोलणं आप्पांचं होतं. आणि तिथं, बियाण्याच्या पोत्यांच्या वासात, मला तो शब्द आला. इतक्या वर्षांनी, काही कामाचा उरला नव्हता तेव्हा.

"खोट्याला, मॅडम. जागा नाही. पुढंही नाही. त्या वर्षीही तुम्हाला द्यायची नव्हतीच."

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला तो घेऊन परत येता आलं असतं.

"केवढासा होता तो शब्द," त्या म्हणाल्या. "तेव्हा दिला असता तर मी तेव्हाच उठले असते. आप्पा जिवंत हुते. रोज फोनवर इचारायचे, इजे, झालं का तुजं? मी म्हणायची, सर म्हणालेत पुढच्या वर्षी. तुमची शून्यं मी त्यांना वाढली, सर. ती वाढलेलीच ठेवून ते गेले."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"येणार न्हाय मी," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही पाटी लावणारच. मला ठावं हाय. एक ऐका. पान मांडून माणूस न बसवणं, हे गेलेल्यांसाठी असतं. जित्या माणसाचं असं पान मांडत न्हाईत."

त्यांनी हेडफोन पुन्हा दोन्ही कानांवर घेतला. पडद्यावर कुणाचीतरी लाट वर-खाली होत होती. ती जिथं सपाट झाली तिथं त्यांनी बोट टेकवलं, खूण केली, आणि पुढचा आवाज घेतला. मी उठलो ते त्यांना दिसलं की नाही, मला सांगता येणार नाही.

तपासणीच्या दिवशी पाटी लागली. खिळे वाकलेले नव्हते. समितीच्या बैठकीत टेबलाभोवती प्रत्येकाच्या नावाची कागदी पट्टी उभी केली होती, मॅडमच्याही. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती. एका सदस्यानं पट्टी वाचून विचारलं, "गडदे?"

"रजेवर आहेत," मी म्हणालो.

शिवामामा चहा घेऊन आले. त्यांना आता नीट दिसत नाही, निवृत्तीला आलेत. त्यांनी पट्ट्यांच्या अंदाजानं, टेबलाच्या कडेनं एकेक कप ठेवत फेरी मारली, आणि मॅडमच्या पट्टीपुढंही एक कप ठेवला. मी शेजारीच होतो. हात लांब केला असता, कानात सांगितलं असतं, इथं कुणी नाही मामा, पुढं चला, तरी चाललं असतं.

बैठक बराच वेळ चालली. आमच्या विभागाचं कौतुक झालं. सगळ्यांचे कप रिकामे होऊन उचलले गेले, तो एक तिथंच राहिला, भरलेला. त्यावर हळूहळू साय धरत गेली.